सारंगाच्या परड्यातल्या गिनी कोंबड्या

कोंबडा कौलांवर चढून बसला होता आणि उतरायचं नाव घेत नव्हता. शेपटीची निम्मी पिसं अंगणात विखुरलेली. खाली सहा राखाडी पाखरं एकामागे एक अशी घराला फेऱ्या मारत होती आणि गंजलेल्या रहाटासारखी करकरत होती. पडवीत गंगाबाई केरसुणी उगारून उभ्या. आणि त्यांचा नवरा, खुद्द धोंडू सारंग, ज्याच्या एका हाकेसरशी म्हणे बोटीवरचे सगळे खलाशी धावत सुटायचे, तो तुळशीच्या कट्ट्यावर खाली मान घालून बसला होता.

"डाक्टर," गंगाबाई म्हणाल्या, "आधी कोंबडा बगा. मग ह्यांना इचारा, ह्या मुंबाशाच्या पाखरांचा काय करायचा हाय ता!"

मी रत्नागिरीच्या गुरांच्या दवाखान्यात असिस्टंट होतो. काम म्हणजे बैल, म्हशी, टांग्याची घोडी आणि बुळकांडीची साथ आली की गावोगाव टोचणी. कोंबडी माझ्या कामात मोडत नव्हती. घरी तर नाहीच नाही. कोंबडीला हात लावून आलो असा नुसता वास आला तरी आमची आई मागच्या दारी घंगाळ भरून ठेवी, अंगावर पाणी घेतल्याशिवाय आत पाऊल टाकायची सोय नव्हती. पण खाडीपलीकडच्या भाट्यातून निरोप आला की नाही म्हणवत नसे. तेव्हा खाडीवर पूल नव्हता. तरीत बसायचं, पलीकडे उतरायचं आणि चढण चढून सड्यावर जायचं. सारंगाचं घर अगदी सड्याच्या कडेला होतं. मागे मैलभर नुसता उघडा कातळ.

बोटीवर सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. धोंडू सारंगाने तीस वर्षं विलायती बोटींवर काढली होती. त्या दिवाळीला कंपनीने त्याला कायमचा उतरवला, छातीत दोष निघाला म्हणून. शेवटच्या फेरीत आफ्रिकेतल्या मुंबाशाच्या बंदरात त्याने ही पाखरं घेतली. लाकडी पेटीत घालून मुंबईपर्यंत आणली, तिथून किनाऱ्याच्या बोटीने रत्नागिरीला. घरी आला, पेटी अंगणात ठेवली आणि झाकण उघडलं. तीस वर्षं बंदरोबंदर हिंडलेला माणूस, पण कोंबड्यांच्या राज्यात परकी पाखरं एकदम सोडायची नसतात एवढं काही त्याला ठाऊक नव्हतं.

आता कोंबड्यांत मानपान असतो, बरं का. लग्नाच्या पंगतीत असतो त्याहून कडक. दाणे टाकले की आधी कोण टिपणार, मग कोण, खुराड्यात वरच्या दांडीवर कोण बसणार, हे सगळं ठरलेलं असतं. ते ठरवताना चोची मारून झालेल्या असतात आणि एकदा ठरलं की घरात शांतता नांदते. गंगाबाईंच्या परड्यात डझनभर कोंबड्या आणि हा एक तांबडा कोंबडा, असं सुखाने चाललं होतं. त्यात ही सहा आली. गिनी नराची एक खोड आहे. तो कोंबड्याची शेपटी धरतो आणि पळवतो. थांबत नाही, दमत नाही. कोंबड्याला भांडण समजतं, समोरासमोरचं. हा असला पाठलाग त्याच्या बापजन्मी झालेला नव्हता.

शिडी लावून कोंबडा उतरवला, जखमांना हळद-तेल लावलं. जगणार होता. मग मी पहिल्यांदा त्या पाखरांकडे नीट पाहिलं आणि खरं सांगतो, पाहतच राहिलो.

कॉलेजात गिनीवर दीड परिच्छेद होता. त्यात "ठिपकेदार" असा एक शब्द होता. ठिपकेदार! अहो, प्रत्येक पिसावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग, ठिपका न् ठिपका वाटोळा, पंखाकडे बारीक होत गेलेला, आणि शेजारच्या पिसावरच्या रांगेला बरोबर जुळणारा. डोकं मात्र बोडकं, निळसर, वर हाडाचं एक टेंगूळ. इतकं देखणं अंग आणि त्यावर हे असलं डोकं! देवाने हे कुठल्या लहरीत केलं असेल कोण जाणे. मी पंचे सोडून धोतर नेसल्यापासून जनावरं बघत होतो, पण असा उभ्या उभ्या गप्प झालो नव्हतो.

"ह्यांना आधी वेगळं ठेवायचं," मी भानावर येऊन म्हटलं. "लांब. बाहेरून आलेलं पाखरू रोग घेऊन येतं, लगेच दिसत नाही. तीन आठवडे तरी कोंबड्यांशी संबंध नको."

"क्वारंटाईन!" सारंग ताडकन उठला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर तेज आलं. "मग आदी सांगाचा ना, डाक्टर. आमाला काय क्वारंटाईन नवा हाय?"

त्याने पडवीतलं मासे मारायचं पागाचं जाळं खांद्यावर घेतलं आणि एकाच फेकीत चार गिनी धरल्या. पेटीत पंख आखडल्यामुळे त्या अजून लांब उडत नव्हत्या. उरलेल्या दोन दुसऱ्या फेकीत. बागेत एक मांगर होता, म्हणजे नारळ-गवत ठेवायची खोपी. त्यात सगळ्यांना कोंडलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर मांगरावर काठीला पिवळं फडकं फडकत होतं. रोगाचा संशय असलेली बोट बंदरात शिरताना पिवळा बावटा लावते म्हणे.

"माझा लुगडा फाडला जल्ल्या मेल्या पाखरांपायी," गंगाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात आमचे साहेब कॅम्पला आले. आमचे साहेब म्हणजे खात्याचे इन्स्पेक्टर. देशावरचे गृहस्थ, कामाला चोख, खाण्याला त्याहून चोख. त्यांचा खानसामा गंगाबाईंकडे अंडी घ्यायला गेला, त्याने मांगरात डोकावून पाहिलं आणि संध्याकाळी मला बोलावणं आलं.

"डॉक्टर, गिनी फाऊल आहेत म्हणे तुमच्या हद्दीत? आणि मला पत्ता नाही?"

"सारंगाच्या आहेत साहेब. क्वारंटाईनमध्ये."

"निरोगी आहेत ना?"

"अजून तरी आहेत."

"मग झालं. उद्या पुढच्या दौऱ्यावर निघतोय. संक्रांत झाली की परत येईन. कलेक्टरसाहेबांना जेवायला बोलवायचं आहे. त्या सहा पाखरांचं तेवढं बघा."

मी मनात म्हटलं, बघा म्हणजे काय बघा? पण खात्याची नोकरी. दुसऱ्या दिवशी तरीत बसून गेलो आणि दोघांना समोर बसवून सांगितलं.

गंगाबाईंनी क्षणाचाही विचार केला नाही. "न्या! सहाच्या सहा न्या! माझ्या कोंबड्यांनी धसका घेऊन अंडी घालायची सोडली. बाजारात काय नेऊ मी, ह्यांचे ठिपके?"

सारंग उठला आणि मांगराकडे गेला. मी मागोमाग गेलो. तो दाराच्या फटीतून आत बघत होता.

"डाक्टर," तो म्हणाला, "तीस वर्सां मी हय पावणा म्हणून आलो. दोन म्हयने र्‍हायचा, जायचा. आता जायचा नाय. पण कुठं बसू ता कळत नाय मला. पडवीत बसलो तर तिच्या केराच्या आड येतो. चुलीपाशी बसलो तर भांड्यांच्या आड. हय सगळा तिचा तिचा लागलेला हाय. ही पाखरां तेवढी माज्या वळखीची."

मी परत आलो आणि गंगाबाईंना विचारलं, "बाई, ती कोंबड्यांत नांदली तर?"

त्यांनी मांगराकडे एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "सायब परत येईस्तवर बगते. तवर सांजची आपसूक खुराड्यात गेली तर र्‍हातील. नाय तर सायबाच्या ताटात."

अट रास्त होती. गिनीचा मूळ स्वभाव झाडावर झोपायचा. ती झाडावर गेली की तिच्या नादाने कोंबड्याही चढतात आणि मग सड्यावरच्या रानमांजराची चंगळ. परड्यातली पन्नास टक्के भांडणंही रात्री कोण कुठे झोपतं यावरूनच होतात. एका छपराखाली झोपली तर एका घरची झाली.

क्वारंटाईन उठलं. सारंगाने स्वतः बावटा उतरवला. मग मी दुसरी पायरी घेतली. खुराड्याला लागून रापणीचं जुनं जाळं पोफळीच्या खुंटांना ताणून बांधलं. अलीकडे कोंबड्या, पलीकडे गिनी. दिसायचं सगळं, चोच मात्र पोचायची नाही. ह्याला मी नजरेची ओळख म्हणतो. पहिले काही दिवस गिनी जाळ्याशी धडका मारत होत्या आणि कोंबडा पाठ फिरवून बसत होता. मग हळूहळू सगळ्यांना कंटाळा आला. भांडणालासुद्धा उत्साह लागतो.

एका सकाळी मी उभा असताना गिनींनी एकदम माना वर केल्या आणि असा काही कल्लोळ केला की माझ्या हातातली छत्री पडली. वर पाहिलं. कुठे काही नाही. निरखून पाहिलं तर खूप उंचावर घारीचा एक ठिपका. मला तो शोधायला वेळ लागला, त्यांना तो एका नजरेत दिसला होता. आणि गंगाबाईंच्या साऱ्या कोंबड्या पिल्लांसकट धावत येऊन जाळ्याला चिकटल्या होत्या. गिनींच्या शेजाराला! ज्यांनी शेपटी उपटली त्यांच्याच आश्रयाला तो तांबडा कोंबडाही उभा. गंगाबाई दारातून बघत होत्या. त्या दिवशी वाळवीने भरलेलं मातीचं एक आख्खं ढेकूळ त्यांनी गिनींना खायला जाळ्यापलीकडे टाकलं.

तिसरी पायरी, एकेक सोडायची. गिनी कधी एकटी पळून जात नाही. एक बाहेर आणि पाच आत ठेवली की बाहेरची जाळ्याभोवतीच रडत फिरते. मग दोन, मग तीन. शेवटी सगळ्या. दिवसभर झकास चाललं. कोंबड्यांबरोबर सड्यावर गेल्या, गवतातले किडे टिपले. कोंबड्या पुन्हा अंडी घालू लागल्या. मी खुशीत होतो.

आणि दिवेलागणीला कोंबड्या खुराड्यात आल्या, गिनी भर्रकन उडून रायवळ आंब्याच्या शेंड्यावर.

गंगाबाईंनी "ती ती ती" करून हाका मारल्या. मी पत्र्याच्या डब्यात नाचणी घालून खडखडवली. झोपायला गेलेल्या कोंबड्या धावत बाहेर आल्या. गिनी ढिम्म. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. त्यातल्या एका रात्री एक कोंबडी त्यांच्या मागे आंब्यावर चढली, सकाळी तिची पिसं तेवढी मिळाली. संक्रांत तोंडावर आलेली. पाखरांना नवीन हाक शिकवायला महिना लागतो. माझ्याकडे आठवडा होता.

"सारंग," मी वैतागून विचारलं, "बोटीवर ह्यांना खायला घालताना काय करत होतात हो तुम्ही?"

तो अडखळला. बायकोकडे बघून म्हणाला, "काय नाय. असाच."

मी त्याला सड्यावर घेऊन गेलो आणि पुन्हा विचारलं. तेव्हा त्याने अंगातल्या कोपरीच्या आतून काळ्या गोफात ओवलेली पितळी शिट्टी काढली. बोटीवर खलाशांना जेवणाला बोलवायची ती सारंगाची शिट्टी. दोन तुटक, एक लांब. पाखरांची पेटी भटारखान्याशेजारी होती. शिट्टी झाली की माणसं जेवायला यायची आणि स्वैपाकी पेटीत भात टाकायचा.

"मग वाजवा की, देवा!"

"घराकडं नाय वाजवत."

"इथे तरी वाजवा!"

भर दुपार होती. गिनी कुठे होत्या दिसतही नव्हतं. त्याने वाजवली. दोन तुटक, एक लांब. क्षणभर काही नाही. मग सड्याच्या पार त्या टोकाला, जिथे कातळ आणि आभाळ एक होतं, तिथे सहा ठिपके हलले. अहो, पळत आल्या! माना पुढे, पंख अर्धे उघडे, कातळावर नखं खडखडतायत, एकीने दुसरीला मागे टाकत. अर्ध्या मैलावरून सरळ त्याच्या पायांशी. आल्या आणि गप्प उभ्या राहिल्या, वर बघत. त्याच्याकडे भात नव्हता. तरी हलल्या नाहीत. सारंग खाली बसला आणि त्याने तोंड दुसरीकडे वळवलं.

आम्ही घराकडे परतलो तर गंगाबाई अंगणात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. चेहरा पांढराफटक.

"वाजवलीत?" एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी त्यांना गाठलं आणि दिवेलागणीला एकदाच शिट्टी वाजवू देण्याबद्दल गयावया केली. तिन्हीसांजेला शीळ घालू नये, भुतंखेतं येतात, हे आमच्याही घरी होतं. मला वाटलं तेच असेल. मी समजावायला लागलो तर त्यांनी मला थांबवलं.

"भुताची भीती कुणाला हाय, डाक्टर? शिटीनं वारा उठतो. लगीन होऊन आले तेवापासून ह्या आंगणात मी कुणाला शीळ घालू दिली नाय. पावण्याला नाय, पोराटोराला नाय. रोज सांजचा दिवा लावायचा आनि कान देऊन बगायचा, कुठं वाजत तर नाय. हे दर्यात असायचे ना."

मी टोपी घातली आणि तरीची वाट धरली.

संक्रांत झाली. साहेब आले. दुपार कलल्यावर आम्ही भाट्यात पोचलो. मी, साहेब, टोपलीवाला खानसामा आणि साहेबांची दुनळी बंदूक. बंदूक कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "झाडावर बसतात म्हणालात ना तुम्ही?" म्हणालो होतो खरा. रिपोर्ट देताना जीभ चावायला हवी होती.

पाखरं सड्यावर होती. गंगाबाईंनी साहेबांना पडवीत घोंगडी घातली, गुळपाणी ठेवलं. सारंग आंब्याला टेकून उभा होता. सूर्य खाली गेला. कोंबड्या एकेक करून आल्या, कोंबडा आला आणि खुराड्याच्या तोंडाशी थांबून सड्याकडे बघत राहिला. वर करकर ऐकू आली. साहेबांनी बंदुकीत काडतुसं घातली.

गंगाबाई दिवा घेऊन तुळशीपाशी गेल्या. दिवा ठेवला, हात जोडले. मग तशाच वळल्या. नवऱ्याकडे बघितलं. चांगलं निरखून, जसं काही तो आत्ता बोटीवरून उतरला होता.

"वाजवा," त्या म्हणाल्या.

सारंगाचा हात कोपरीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"वाजवा म्हणते ना! आता दर्यात कोण हाय माजा?"

त्याने शिट्टी ओठाला लावली. पहिल्यांदा नुसती हवा आली. मग वाजली. त्या अंगणात तीस वर्षांत न वाजलेली शिट्टी अशी घुमली की शेजारच्या घरांतून बायका बाहेर आल्या. आंब्याकडे निघालेल्या गिनी वरच्या वर वळल्या. सहाही जणी आमच्या डोक्यांवरून अंगणात उतरल्या, धावत सारंगाच्या पायांशी. तो एकेक पाऊल मागे सरकत खुराड्याशी गेला, त्या त्याच्या मागे. गंगाबाईंनी सुपातला भात खुराड्यात आत टाकला. आधी कोंबडा शिरला. मागोमाग सहा ठिपकेवाल्या. दार लावलं. आत थोडी कुरबूर झाली आणि थांबली.

साहेबांनी बंदूक उघडली आणि काडतुसं काढून खिशात टाकली.

"डॉक्टर," ते हळूच म्हणाले, "ही पाखरं शिस्तीची आहेत. असली कापायची नसतात."

कलेक्टरसाहेबांना त्यांनी त्या वेळी सुरमई खायला घातली. गिनी सारंगाच्या परड्यात राहिल्या, पुढच्या चैत्रात अंडी घालू लागल्या आणि गंगाबाईंनी ती आपल्या खुडूक कोंबडीखाली बसवली. मी तिकडे गेलो की सारंग पडवीत बसलेला असायचा, अगदी मधोमध, आणि गंगाबाई त्याच्या भोवतीने केर काढायच्या.

पुढे माझी बदली झाली, बढती झाली, परड्यात परकी पाखरं सोडायचा प्रश्न घेऊन पुष्कळ लोक आले. मी प्रत्येकाला वेगळं ठेवणं, जाळं, एकेक सोडणं सगळं सांगत असे. पण त्याआधी दोन गोष्टी विचारत असे. हे जिथून आलं तिथे त्याला जेवायला कसं बोलवत होते? आणि घरच्या बाईला तो आवाज चालतो का? कॉलेजच्या दीड परिच्छेदात ह्यातलं काही नव्हतं.